पहिल्या क्रमांकावरची बाई

रविवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी ग्रंथपालाने पेन्सिल खाली ठेवली आणि तो म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे रे, पण ती बाई गप्प बसली असती तर बरं झालं असतं."

"कुठली बाई?" घड्याळजीने विचारलं.

"कुठली म्हणजे? गाणारी."

"कोण गातंय?"

तोवर सकाळ सुरळीत चालली होती. वाचनालयाला सुट्टी होती. लांब टेबलाच्या एका टोकाला ग्रंथपाल, दुसऱ्या टोकाला घड्याळजी, मध्ये चहाचा थर्मास आणि दोघांच्या दोन वह्या. शाळेपासूनचे हे दोन मित्र गेली बारा वर्षं वर्षातल्या शेवटच्या रविवारी असेच बसत आणि सरत्या वर्षातले दहा उत्तम अल्बम निवडत. ग्रंथपाल ती यादी वळणदार अक्षरात लिहून काढी आणि दुपारी चारच्या ठोक्याला वाचनालयाच्या दाराबाहेरच्या फलकावर लावी. पहिल्या वर्षी ती दोनच वाटसरूंनी वाचली होती, त्यातला एक बुटाची नाडी बांधायला थांबला होता. आता चौदा जण नेमाने येत, आणि चाराच्या आधीच येत.

नियम ग्रंथपालाने केलेले असल्यामुळे कडक होते. वर्षभर एकमेकांशी त्या वर्षीच्या अल्बमबद्दल चकार शब्द काढायचा नाही. प्रत्येक अल्बम दोघांनीही पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकलेला हवा. निवडीच्या दिवशी काहीही वाजवायचं नाही, जे आठवतंय त्याच्या जोरावर भांडायचं. आणि प्रत्येकाला वर्षाला एकच नकार.

या वर्षी घड्याळजीच्या वहीत पहिला क्रमांक होता 'ऐल आणि पैल' या अल्बमला. त्याबद्दल त्याने दीड पान लिहिलं होतं, आणि एरवी तो दुरुस्तीच्या पावतीवर दोन शब्दांपलीकडे जात नसे.

"ऐक," तो वाचू लागला. "नुसतं व्हायोलिन. पंचेचाळीस मिनिटं. आणि मधली शांतता! वाजवणारा थांबतो, दहा-बारा सेकंद काहीच नाही, आणि मग कोणी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं तसा पुन्हा सुरू होतो. एक तीर म्हणजे सूर, दुसरा तीर म्हणजे शांतता. एवढं धाडस या वर्षी दुसऱ्या कोणी केलं नाही."

"शांतता?" ग्रंथपालाने चष्मा कपाळावर चढवला. "ती शांतता मिळू देते का कुणाला? पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटी गातेय. बरं, गाते तर गाते, मध्येच थांबते. शब्द विसरल्यासारखी. मग आठवले की परत सुरू."

"आणि व्हायोलिन?"

"ते होय? ते मागे, लांब कुठेतरी. कोणीतरी बिजागरीला तेल न घातलेलं दार उघडतंय असं वाटतं."

"तू भलताच अल्बम ऐकलायस."

"तू भलताच ऐकलायस."

त्यांनी ताडून पाहिलं. नाव तेच. मुखपृष्ठावर नदी आणि दोन रिकाम्या होड्या, तेच. नऊ तुकडे, पंचेचाळीस मिनिटं, तेच.

"फोन काढ आणि लाव," घड्याळजी म्हणाला.

"निवडीच्या दिवशी वाजवायचं नाही. नियम आहे."

"नियम तूच केलायस ना?"

"म्हणून तर मला मोडता येत नाही."

एरवी घड्याळजीने यावर टेबल डोक्यावर घेतलं असतं. पण आज तो तिथेच थांबला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, उजव्या कानाला लावलं, मग डाव्या कानाला लावलं, पुन्हा उजव्या.

ग्रंथपालाला एकदम आठवलं. घड्याळजीचे वडीलही घड्याळजी होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना आधी बायकांचे आवाज ऐकू येईनासे झाले, मग पाखरांचे, मग हातघड्याळांचे. शेवटची काही वर्षं ते फक्त भिंतीवरची घड्याळं दुरुस्तीला घेत आणि तीही टोल्यांची. समोर बसलेल्या माणसाला मागच्याच महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. घड्याळाचा आजार तो डोळ्यांच्या आधी कानाने ओळखे. घड्याळ लंगडतंय, घड्याळ धापा टाकतंय, असं तो सांगे आणि मगच झाकण उघडे. कान गेले तर दुकान गेलं.

"येतोय का आवाज?" ग्रंथपालाने विचारलं.

"येतोय. बाबाही येतोय म्हणायचे."

चहाचे कप विसळण्याच्या निमित्ताने ग्रंथपाल आतल्या खोलीत गेला आणि त्याने घड्याळजीच्या बायकोला फोन लावला.

"वहिनी, एक विचारू? तुमचा आवाज त्याला ऐकू येतो का?"

"भाऊजी, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तुम्ही आज विचारताय?"

"तसं नाही वहिनी. खरंच. त्याला गाण्यातली बाई ऐकू येत नाहीये. अख्खी बाई."

मग घड्याळजीची बायको वेगळ्याच आवाजात म्हणाली, "त्यांना तिथेच बसवून ठेवा. मी आले."

ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे घाबरली तरी पायऱ्या चुकत नसे. वाचनालयात पोचेपर्यंत तिने वाटेतूनच कानाच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून रविवारच्या दवाखान्यातली शेवटची वेळ मिळवली होती. साडेअकराला तिघंही बाकावर हजर.

"तुम्ही कशाला आलात, भाऊजी? यादी करा ना तुमची," ती म्हणाली.

"एकट्याने कशी करू? तो नसला तर भांडू कुणाशी?"

डॉक्टरीणबाईंनी घड्याळजीला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. घड्याळजी डोळे मिटून बसला. बाहेर त्याच्या बायकोने पर्स मांडीवर इतकी घट्ट धरली होती की तिचा खटका दोनदा उघडला. ग्रंथपालाने भिंतीवरची सूचना चौदा वेळा वाचली. काचेपलीकडे बटणाचा दिवा लागत होता, विझत होता, लागत होता.

वीस मिनिटांनी डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या.

"यांचं वय काय म्हणालात?"

"अठ्ठावन्न," बायको म्हणाली.

"हे कान पंचविशीचे आहेत. अगदी बारीक, उंच आवाजसुद्धा सोडला नाही त्यांनी. उलट मलाच म्हणाले, तुमचं मनगटावरचं घड्याळ लंगडतंय, मंगळवारी दुकानात आणून द्या."

घड्याळजीच्या बायकोने नवऱ्याचा हात धरला. घड्याळजीने कागदावरची नागमोडी रेघ बघितली, त्यातलं त्याला काहीही कळलं नाही, तरी तो ती दोनदा बघून घेऊन डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "फार उपकार झाले तुमचे. फार."

हात हातात तसाच राहिला. मग हळूहळू बायकोच्या कपाळावर एक आठी उमटली.

"म्हणजे," ती म्हणाली, "तुम्हाला सगळं ऐकू येतं."

घड्याळजी सावध झाला.

"गिरणीतून दळण आणा म्हटलेलं. नळ गळतोय म्हटलेलं. माझी बदली होतेय हे मी तीनदा सांगितलेलं. मी आपली समजूत घालत होते, सासऱ्यांसारखंच असेल, बिचाऱ्यांना ऐकू येत नसेल." तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. "हा मी जपून ठेवणार आहे."

"डॉक्टर," ग्रंथपाल घाईघाईने मध्ये पडला, "पण मग ती बाई?"

"कोणती बाई?"

"जी मला ऐकू येते आणि याला येत नाही ती."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुम्ही बसा बघू या खुर्चीवर," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालाच्या डाव्या कानात काही नव्हतं. उजव्या कानात दिवा घालून त्यांनी पाहिलं, मान हलवली, पुन्हा पाहिलं. मग कोमट पाणी, पिचकारी आणि खाली धरलेली छोटी वाटी. वाटीत जे पडलं ते पाहून घड्याळजीच्या बायकोने तोंड फिरवलं.

"या कानाने तुम्हाला निदान वर्षभर तरी जवळजवळ काही ऐकू येत नसणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाणवलं नाही?"

"नाही." ग्रंथपाल डोकं हलवून बघत होता. "उलट वाचनालयात यंदा सभासद फार शिस्तीत वागले. कुजबुज नाही, खुर्च्या ओढणं नाही. मी वार्षिक अहवालात तसं लिहून दिलंय." तो थांबला. "हे पाणी कुठे टपकतंय?"

"तिकडे. कोपऱ्यातल्या नळातून. मघापासून टपकतंय," घड्याळजी म्हणाला.

बाहेर पडेपर्यंत एक वाजला होता. ग्रंथपालाने रस्त्यात स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकला आणि दोनदा मागे वळून पाहिलं. पण त्याच्या मनाला चैन नव्हती. याचे कान पंचविशीचे, तरी याला बाई ऐकू येत नाही. मग बाई आहे तरी का? चौदा माणसं चारला येणार, आणि पहिल्या क्रमांकावर एक बाई आहे की नाही हेच नक्की नाही.

"नियम गेला खड्ड्यात," तो म्हणाला. "दुकानात चल. लाव."

घड्याळजीचं दुकान म्हणजे एक टेबल, एक भिंग, तीन भिंतींवर घड्याळं आणि उरलेल्या भिंतीशी गाण्यांची व्यवस्था. दोन टोकांना दोन मोठे लाकडी स्पीकर, मध्ये जुना अँप्लिफायर. डाव्या स्पीकरवर मांजर झोपलेलं होतं. घड्याळजीने फोन जोडला, 'ऐल आणि पैल' लावलं, आणि तिघं उभ्याउभ्याच ऐकू लागले.

व्हायोलिन सुरू झालं. दार-बिजागरी काही नाही, भरघोस, ओलसर, खोलीभर पसरलेलं व्हायोलिन. मग ते थांबलं. दहा सेकंद भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक. पुन्हा व्हायोलिन.

"बघ. आहे का बाई?" घड्याळजी म्हणाला.

ग्रंथपालाचा चेहरा पांढरा पडला होता. "परवापर्यंत होती रे," तो म्हणाला. मग त्याने उजव्या कानाला हात लावला. "त्या डॉक्टरीणबाईंनी मळाबरोबर बाईसुद्धा काढली!"

घड्याळजी हसला नाही. सकाळभर आपल्या छातीत जे बसलं होतं तेच आता मित्राच्या डोळ्यांत आहे हे त्याला दिसलं. ग्रंथपाल एकटा राहायचा. ऐकू न येणं परवडलं, पण नसलेलं ऐकू येणं फार वाईट, हे घड्याळजीला न सांगता कळलं. त्याने कान टवकारल्यासारखं केलं आणि तो म्हणाला, "थांब थांब. आता जरा येतेय बघ मला. बारीक. आहे, बाई आहे."

"तुला येतेय?" ग्रंथपाल मटकन स्टुलावर बसला. "आणि मला येत नाही!"

"म्हणजे, तशी अगदी स्पष्ट नाही..."

"सकाळी मला येत होती, तुला नव्हती. आता तुला येतेय, मला नाही. वहिनी, हे काय होतंय?"

"अहो, तुम्ही आधी गप्प बसा," घड्याळजीची बायको नवऱ्याला म्हणाली. "खोटं बोलताना तुमचा डावा डोळा बारीक होतो." ती दुकानाच्या मध्यभागी उभी राहून दोन्ही स्पीकरकडे आळीपाळीने बघत होती. एका बाजूने व्हायोलिन रंगात आलं होतं. दुसऱ्या बाजूला मांजराने कूस बदलली, पंजा नाकावर घेतला आणि ते घोरू लागलं.

"हे मांजर रोज इथेच झोपतं?"

"वर्षभर. का?"

"वाजणाऱ्या डब्यावर मांजर झोपेल का?"

मग घड्याळजी गुडघ्यांवर बसला, डाव्या स्पीकरच्या मागे त्याने हात घातला आणि बराच वेळ तो हात बाहेर काढला नाही.

"काय आहे?" बायकोने विचारलं.

घड्याळजीने तार ओढून उजेडात आणली. टोकाला नीट गुंडाळलेली चिकटपट्टी होती, आणि दुरुस्तीच्या घड्याळांना बांधतात तशी दोऱ्याने बांधलेली छोटी चिठ्ठी. तिच्यावर घड्याळजीच्याच बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'नऊ जानेवारी. तात्पुरतं.'

मग त्याला आठवलं. जानेवारीत व्यवस्थेत एक बारीक घरघर येऊ लागली होती. गाण्याला तिचा त्रास नव्हता, पण कानाशी धरलेल्या घड्याळाची टिकटिक तिच्यात बुडायची. म्हणून त्याने एकेक तार सोडवून पाहिली, डावी सोडवली आणि घरघर थांबली. उद्या नीट बघू म्हणून चिठ्ठी बांधली. दुसऱ्या दिवशी आवाज इतका स्वच्छ वाटला की त्याने पुढचे आठ दिवस गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून तो ऐकवला.

"एक अख्खं वर्ष," ग्रंथपाल हळूच म्हणाला, "तू अर्धं ऐकलंस."

"आणि तू उरलेलं अर्धं. मळ उजव्या कानात, ना? घरी हेडफोन लावून ऐकतोस, ना?"

ग्रंथपालाने दोन्ही प्रश्नांना मान डोलावली, तोवर घड्याळजीने तार जोडली होती. मांजर उडी मारून टेबलाखाली गेलं आणि डाव्या बाजूने एक बाई गाऊ लागली.

ती प्रश्न विचारत होती. विचारून थांबत होती, आणि उजवीकडून व्हायोलिन उत्तर देत होतं. घड्याळजीने दीड पानात वाखाणलेली शांतता म्हणजे तिच्या ओळी होत्या. ती जिथे शब्द विसरते असं ग्रंथपालाला वाटायचं, तिथे ती ऐकत होती. घड्याळजीने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पंचेचाळीस मिनिटं तिघंही ऐकत राहिले. घड्याळजीची बायको दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या पेटीवर बसून राहिली आणि तिने एकदाही वेळ पाहिली नाही; त्या दुकानात वेळ न पाहायला फार कष्ट पडतात.

"कशी आहे बाई?" संपल्यावर ग्रंथपालाने विचारलं.

"मला नको विचारूस. आज मला कुठल्याही बाईचा आवाज गोडच लागणार."

"हे लिहून द्या," त्याची बायको म्हणाली.

तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. ग्रंथपालाने दोन्ही वह्या गुडघ्यांवर उघडल्या आणि त्याचा चेहरा पुन्हा पडला. घड्याळजीने या वर्षी एकेचाळीस अल्बम ऐकले होते, सगळे उजव्या बाजूने. ग्रंथपालाने स्वतःही तेच एकेचाळीस ऐकले होते, सगळे डाव्या बाजूने. एका ठिकाणी घड्याळजीने तबल्याच्या संयमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ग्रंथपालाच्या वहीत त्याच अल्बमपुढे फक्त 'तबल्याला आवरा' असं होतं.

"दोघांचं मिळून पूर्ण धरू या की," घड्याळजी म्हणाला. "तू ऐल, मी पैल."

"नियमात 'दोघांनीही' लिहिलंय. 'मिळून' नाही."

"मग चारला काय लावणार?"

"खरं काय ते."

"हसतील लोक."

"हसू देत. सकाळी मला वाटत होतं, तुझे कान गेले. दुपारी वाटलं, माझं डोकं गेलं. आता दोन्ही जागेवर आहेत आणि नुसतीच फजिती झालीय. एवढ्या स्वस्तात कोण सुटतं रे?" त्याने रुमालाने चष्मा पुसला, आणि मग गरज नसताना पुन्हा एकदा पुसला. "वहिनी, तुम्ही होतात म्हणून."

"आभार मांजराचे माना," ती म्हणाली. "आणि यांचे नको. यांनी नुसती चिठ्ठी बांधली."

चारच्या ठोक्याला फलकावर कागद लागला. एकपासून दहापर्यंत आकडे होते आणि त्यांच्यापुढे कोरी जागा. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'या वर्षी आम्ही प्रत्येकी अर्धंच ऐकलं. चूक आमची, तारेची आणि कानाची. पुन्हा ऐकत आहोत. ज्यांनी ज्यांनी आज मदत केली त्यांचे आभार. निवड समिती.'

चौदा जणांनी तो कागद वाचला. दोघं हसले, एकाने वही मिटून खिशात घातली. बाकीचे हसले नाहीत. ते बराच वेळ तिथेच रेंगाळले आणि मग घाईने घरी गेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला ग्रंथपाल दुकानात येतो. चकार शब्द न काढण्याचा नियम दोघांनी एकमताने रद्द केला आहे. शुक्रवारपर्यंत एकेचाळिसांपैकी चार अल्बम पूर्ण झाले असून चारही बाबतींत मतभेद आहेत. घड्याळजी म्हणतो तबलजीला आवरा, ग्रंथपाल म्हणतो त्याचा संयम बघ. 'ऐल आणि पैल' तीनदा पूर्ण झाला, पण त्याला पहिला क्रमांक द्यायचा की नाही, यावर शुक्रवारी सव्वासातपर्यंत एकमत झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी वाचनालय उघडताना ग्रंथपालाला फलकावरच्या कागदाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी दिसल्या. पहिली अशी: 'घरी तपासलं. माझाही एकच डबा वाजतो. घड्याळजी बघायला येतील का?' तिच्याखाली दुसऱ्या हाताने 'माझाही', आणि तिसऱ्या हाताने 'माझाही, बहुतेक पाच वर्षं'. चौथी ओळ अद्याप कोणालाही वाचता आलेली नाही. अक्षरावरून ती डॉक्टरीणबाईंची असावी, असा ग्रंथपालाचा अंदाज आहे.